सुभेदारसाहेबांचा निरोपसमारंभ

विद्यार्थिमित्रांनो, आपल्याला शिकविणाऱ्या बहुतेक माणसांची नावे शाळेच्या दप्तरात असतात. हजेरीपटावर त्यांची सही असते, वेतनपत्रकावर त्यांचे नाव असते आणि वार्षिक अहवालात त्यांच्या कामाचा उल्लेख असतो. परंतु काही गुरुजन असे असतात की, त्यांचे नाव यांपैकी कोणत्याच कागदावर सापडत नाही. ते कोणाचे नोकर नसतात, त्यांना कोणी नेमलेले नसते आणि ते आले नाहीत तर त्यांची रजा कोणी मांडीत नाही. तरीही ते रोज येतात. अशाच एका गुरूंची ही हकीकत आहे.

पुण्याजवळ मुळा नदीच्या काठी खडकी नावाचे गाव आहे. 5 नोव्हेंबर 1817 रोजी येथे पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. पुढे इंग्रजांनी येथे लष्कराची छावणी वसविली आणि 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना सुरू केला. छावणी आणि कारखाना यांमुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे येऊन राहिली. मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी अशा अनेक भाषा येथील गल्ल्यांतून ऐकू येतात. लष्कराबरोबर हॉकीही आली आणि पाहता पाहता ती कामगारांच्या मुलांचीच होऊन गेली. भारताचे प्रख्यात हॉकीपटू धनराज पिल्ले यांचा जन्म 1968 मध्ये याच गावी झाला. त्यांचे वडील मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. मोडलेल्या स्टिका दोरीने बांधून खेळणारा हा मुलगा पुढे चार ऑलिंपिक स्पर्धांत भारताकडून खेळला आणि 1998 साली बँकॉक येथे आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार झाला.

परंतु मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे, त्यांच्या हाताखालून असा एकही नामांकित खेळाडू तयार झाला नाही. 32 वर्षे त्यांनी आमच्या शाळेतील मुलांना हॉकी शिकविली. पण त्यांतून कोणी जोडारी झाला, कोणी टपालवाटप्या झाला, कोणी परिचारिका झाली. त्यांचे विद्यार्थी आजही त्यांना केवळ ‘सुभेदारसाहेब’ म्हणूनच ओळखतात. आपणही तेच नाव घेऊ.

सुभेदारसाहेब मूळचे सातारा जिल्ह्यातले. सैन्यातील नोकरी संपवून 1984 मध्ये ते खडकीस स्थायिक झाले. त्या वेळी मी शाळेत नवाच शिक्षक होतो. एका सायंकाळी आमची मुले पटांगणावर स्टिका आणि चेंडू घेऊन नुसता गोंधळ घालीत होती. रस्त्याने जाणारा एक उंच, सडपातळ गृहस्थ कुंपणाशी थांबला. बराच वेळ त्याने तो खेळ पाहिला. मग तो आत आला आणि एका मुलाच्या हातातील स्टिक घेऊन शांतपणे म्हणाला, “बाळ, हिने लाकडे फोडायची नसतात.”

त्या दिवसापासून सुभेदारसाहेब रोज येऊ लागले. सकाळी साडेपाच वाजता पटांगणाच्या कोपऱ्यातील लाकडी पेटी ते उघडीत. पेटीला एक जुने पितळी कुलूप होते आणि त्याची किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली असे. पेटीत होते तरी काय? पंधरा-सोळा स्टिका, थोडे चेंडू, गोलरक्षकाचे ठिगळे लावलेले पॅड आणि एक वही. कोणत्या मुलाने कोणती स्टिक कधी नेली, ती मोडली असल्यास कशी मोडली आणि कोणी दुरुस्त केली, याचा हिशेब त्या वहीत असे. मोडलेली स्टिक टाकून देणे त्यांना मान्य नव्हते. सरस लावून, वर सुतळी घट्ट गुंडाळून ते तिला पुन्हा उभी करीत. ज्याने मोडली त्यानेच शेजारी बसून सुतळी ओढावी, असा त्यांचा शिरस्ता होता.

त्यांची शिकविण्याची पद्धती फार साधी होती. हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू केवळ त्या बाजूनेच खेळता येतो. म्हणून चेंडू उजवीकडे व डावीकडे नेताना स्टिक सतत फिरवावी लागते. हे काम वरचा, म्हणजे डावा हात करतो; उजवा हात तिला नुसता आधार देतो. नवशिक्या मुलाला आपला बळकट उजवा हातच सारे काही करील असे वाटते. सुभेदारसाहेब त्याचा उजवा हात पाठीमागे धरायला लावीत आणि पहिला आठवडाभर त्याला केवळ डाव्या हाताने चेंडू खेळवायला सांगत. “जो हात दिसत नाही त्याचे काम आधी शिका,” असे ते म्हणत. पुष्कळ वर्षांनी मला वाटू लागले की, हे वाक्य त्यांनी नकळत स्वतःविषयीच म्हटले असावे.

पावसाळ्यात पटांगणावर चिखल होई आणि उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होई. सुमारे 160 ग्रॅम वजनाचा तो टणक चेंडू खडबडीत जमिनीवरून कधी उसळेल याचा नेम नसे. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठ्या स्पर्धा कृत्रिम हिरवळीवर होऊ लागल्या, तेव्हा मातीवर खेळणाऱ्या आपल्या मुलांची मोठीच अडचण झाली. पण सुभेदारसाहेबांनी त्याविषयी कधी कुरकुर केली नाही. सराव सुरू होण्यापूर्वी सर्व मुलांनी एका रांगेत उभे राहून पटांगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडे वेचीत जावे, असा नियम त्यांनी घातला होता. त्या रांगेत ते स्वतःही असत. शाळेने त्यांस मानधन देऊ केले, तेव्हा ते म्हणाले, “सरकार मला निवृत्तिवेतन देते. एका माणसाला दोन पगार कशाला?”

आता एक अशी गोष्ट सांगतो की, जी सांगताना मला संकोच वाटतो. पण ती सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही.

2005 साली मी शाळेचा मुख्याध्यापक होतो. त्या वर्षी आमचा संघ सतरा वर्षांखालील मुलांच्या जिल्हा स्पर्धेत प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. आमचा एक आघाडीचा खेळाडू होता. तो चेंडू घेऊन निघाला की, पाहणाऱ्यांचे श्वास रोखले जात. आम्ही जिंकणार याविषयी कोणालाच शंका नव्हती. ढाल ठेवण्यासाठी कार्यालयातील कपाटात मी जागाही रिकामी करून ठेविली होती.

सामन्याच्या आदल्या दिवशी सुभेदारसाहेब माझ्या खोलीत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “सर, उद्या तो मुलगा खेळणार नाही. त्याचे वय एक वर्षाने जास्त आहे.”

मी नोंदवही काढली. तीत मुलाचे वय नियमात बसत होते. सुभेदारसाहेब म्हणाले, “नोंदवहीत चूक झाली आहे. पोर आजारी होते तेव्हा त्याच्या आईने मला दवाखान्यातला जन्माचा कागद दाखविला होता.”

“पण ती चूक आपण केलेली नाही,” मी म्हणालो. “कागद जे सांगतो तेच आपण पुढे पाठविले. यात खोटेपणा कोणता?”

“कागदाला ठाऊक नाही, सर. आपल्याला ठाऊक आहे,” ते म्हणाले.

मी त्यांना पुष्कळ समजाविले. शाळेची प्रतिष्ठा, मुलांचा वर्षभराचा सराव, पुढे मिळू शकणारे साहाय्य, सारे काही सांगून पाहिले. शेवटी रागाच्या भरात मी असेही बोललो की, “शाळेचा मुख्याध्यापक मी आहे, आपण नाही.” सुभेदारसाहेब क्षणभर स्तब्ध राहिले. नंतर त्यांनी पेटीची किल्ली माझ्या टेबलावर ठेविली आणि म्हणाले, “संघ आपला आहे. आपण त्याला उतरवू शकता. मी मात्र त्या रेषेजवळ उभा राहणार नाही.”

ती किल्ली रात्रभर माझ्यासमोर होती. सकाळी मी ती शिपायाबरोबर त्यांच्याकडे परत पाठविली. सोबत एक शब्दही लिहिला नाही. तो मुलगा खेळला नाही. आम्ही एका गोलाने हरलो. त्यानंतर जवळजवळ महिनाभर मी सुभेदारसाहेबांशी बोललो नाही. ते मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाच वाजता पेटी उघडून खडे वेचणाऱ्या रांगेत उभे होते.

अकरा वर्षे लोटली. 2016 च्या पावसाळ्यात एके दिवशी सुभेदारसाहेब पुन्हा माझ्या खोलीत आले. या वेळी मी त्यांना आग्रहाने बसविले. ते म्हणाले, “सर, आता मला थांबले पाहिजे. गुडघे दुखतात त्याचे काही नाही. पण चेंडू मला उशिरा दिसू लागला आहे. काल एक चेंडू उसळून एका लहान मुलाच्या कानाजवळून गेला. पूर्वी मी वेळेवर ओरडलो असतो. पोरांच्या अंगावर बेतण्यापूर्वी शिकविणाऱ्याने बाजूस व्हावे.”

त्यांचा निरोपसमारंभ 29 ऑगस्ट रोजी ठरला. हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस असून 2012 पासून तो राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळला जातो. ध्यानचंद यांचा जन्म 1905 चा. 1928 च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने 29 गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. त्यांपैकी 14 गोल एकट्या ध्यानचंदांचे होते. ही कीर्ती साऱ्या जगाला माहीत आहे. परंतु सैन्यात भरती झालेल्या त्या तरुण शिपायाला हॉकीची गोडी लावून खेळाचे पहिले धडे दिले ते पलटणीतील तिवारी नावाच्या एका सुभेदार-मेजरांनी, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आमच्या सुभेदारसाहेबांना निरोप देण्यास याहून योग्य दिवस कोणता असणार?

समारंभाला आजची मुले तर होतीच. परंतु 32 वर्षांतील जुने विद्यार्थीही मोठ्या संख्येने आले होते. कोणी कारखान्याच्या गणवेशातच आले होते, तर कोणी आपल्या मुलाबाळांना घेऊन आले होते. मी एक मोठे भाषण लिहून आणले होते. त्यात संस्कृत सुभाषितांची रेलचेल होती. पण बोलावयास उभा राहिलो आणि समोर पहिल्या रांगेत ताठ बसलेल्या त्या वृद्ध गृहस्थाकडे पाहताच मी ते कागद घडी करून खिशात ठेविले. 2005 सालची हकीकत मी सर्व मुलांना जशी घडली तशी सांगितली. शेवटी म्हणालो, “सुभेदारसाहेब, त्या दिवशी आपण शाळेची लाज राखलीत आणि मी महिनाभर आपल्याशी बोललो नाही. अकरा वर्षे हे कबूल करण्याचे धैर्य मला झाले नाही. आज सर्वांसमक्ष मी आपली क्षमा मागतो.”

सभेत शांतता पसरली. सुभेदारसाहेब हळूहळू उठले.

“सर, मैदानावरचे भांडण मैदानाबाहेर नेऊ नये. माझ्या लेखी ते त्याच दिवशी मिटले होते. पण आपण खरे बोललात, तेव्हा मीही खरे बोलतो. त्या दिवशी मीही चुकलो होतो. वयातली चूक मला कित्येक महिने आधी कळली होती. तेव्हाच आपल्याला सांगून नोंद दुरुस्त करून घ्यायला हवी होती. पोर चांगले खेळत होते. त्याचा मलाही मोह पडला. आज सांगू, उद्या सांगू, असे करीत मी शेवटच्या दिवसापर्यंत गप्प राहिलो. माझ्या चुकीची किंमत मात्र त्या पोराला द्यावी लागली.”

मागच्या बाजूने कोणीतरी पुढे आले. कारखान्याच्या निळ्या कपड्यांतील तो तिशीच्या घरातील तरुण आम्ही लगेच ओळखला. तोच तो आघाडीचा खेळाडू! तो म्हणाला, “सामना हरल्यावर मी घरी दार लावून बसलो होतो. रात्री साहेब आमच्या घरी आले. त्यांनी माझी समजूत घातली नाही. ते म्हणाले, ‘पोरा, तुझा सामना गेला. तो मी तुला परत देऊ शकत नाही. तू माझ्यावर रागव. पण खेळावर रागावू नकोस.’ मी आठ दिवस मैदानाकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी गेलो, तेव्हा माझी स्टिक पेटीत होती तशीच होती. साहेबांनी ती दुसऱ्या कोणाला दिली नव्हती.”

यानंतर लहान मुलांनी सुभेदारसाहेबांना एक थैली अर्पण केली. खाऊच्या पैशांतून साठविलेल्या नाण्यांनी ती जड झाली होती. ज्यांनी आयुष्यभर एक पैसाही घेतला नाही, ते ही थैली परत करतील, असेच आम्हां सर्वांना वाटले. परंतु त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. ते म्हणाले, “मी ही घेणार. इतकी वर्षे मी देत होतो आणि तुम्ही घेत होता. द्यायलाही शिकले पाहिजे आणि देणाऱ्याचा हात मोकळा परत पाठवू नये. या पैशांतून मी नवा चष्मा करीन. गावी वर्तमानपत्रात तुमच्या सामन्यांचे निकाल वाचावे लागतील ना!”

मुले खदखदून हसली. पण त्यांच्यापैकी कित्येकांचे डोळे ओलावले होते.

मग सुभेदारसाहेबांनी करगोट्याची गाठ सोडली आणि ती पितळी किल्ली तळहातावर धरली. “आता एकच काम उरले. उद्या मंगळवार. साडेपाच वाजता पेटी कोण उघडणार?”

क्षणभर कोणीच बोलले नाही. टाळ्या वाजविणे सोपे असते, मुलांनो. रोज पहाटे उठून येणे सोपे नसते. अखेर तो निळ्या कपड्यांतील तरुण म्हणाला, “मी उघडीन, साहेब. पण एक आठवड्याआड माझी सकाळची पाळी असते. त्या आठवड्यात मला येता येणार नाही.”

“त्या आठवड्यात मी येईन,” असे म्हणत एक तरुणी उभी राहिली. मुलींनाही शिकविण्यास सुभेदारसाहेबांनी सुरुवात केली, तेव्हा प्रथम आलेल्या मुलींपैकी ती एक होती. आता ती एका रुग्णालयात परिचारिका होती.

सुभेदारसाहेबांनी किल्ली दोघांच्या हातांत मिळून ठेविली. “वही नीट ठेवा,” एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला झोप येईना. मी उठून पटांगणाकडे गेलो. पाऊस नुकताच थांबला होता. पेटी उघडी होती. मुले एका रांगेत वाकून खडे वेचीत पुढे सरकत होती आणि त्या रांगेच्या शेवटी, गावी जाण्याच्या तयारीचे धोतर-कोट अंगावर असतानाही, सुभेदारसाहेब खडे वेचीत होते. मीही चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

विद्यार्थिमित्रांनो, 1928 ते 1980 या काळात भारताने हॉकीत आठ ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली. टोकियोच्या 2021 मध्ये झालेल्या स्पर्धेत आणि 2024 च्या पॅरिस स्पर्धेत आपल्या पुरुष संघाने कांस्यपदके जिंकली. पदके जिंकणाऱ्यांची नावे आपण पाठ करतो आणि ते योग्यच आहे. पण त्या प्रत्येक नावामागे कोठेतरी एक खडबडीत पटांगण असते आणि तेथील खडे वेचणारा एक माणूस असतो. तुमच्या गावात, तुमच्या शाळेजवळही असा कोणी असेल. त्याचे नाव कोठे लिहिलेले सापडणार नाही. तुम्हीच त्याला शोधून काढा आणि तो निघून जाण्यापूर्वी त्याला नमस्कार करा. आणि पुढे कधी तुमच्यासमोर अशी एखादी किल्ली आली, तर ती घेण्यासाठी हात पुढे करा.

अभ्यास

1. सुभेदारसाहेब मुलांना पहिला आठवडाभर डाव्या हाताने का खेळवीत? ‘जो हात दिसत नाही त्याचे काम आधी शिका’ या वाक्याचा लेखकाला कोणता दुसरा अर्थ जाणवला?
2. “कागदाला ठाऊक नाही, सर. आपल्याला ठाऊक आहे.” हे वाक्य कोण, कोणास व कोणत्या प्रसंगी म्हणाले?
3. निरोपसमारंभात मुख्याध्यापकांनी आणि सुभेदारसाहेबांनी आपापली कोणती चूक कबूल केली?
4. सुभेदारसाहेबांनी मानधन नाकारले. परंतु मुलांची थैली स्वीकारली. या दोन गोष्टींत विसंगती आहे काय? तुमचे मत सकारण लिहा.
5. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : शिरस्ता, मानधन, स्तब्ध, सर्वांसमक्ष.
6. कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न धरता काम करणारी एखादी व्यक्ती तुमच्या गावात असल्यास तिला भेटा आणि तिच्याविषयी दहा-बारा ओळी लिहा.